फुप्फुसाचा कॅन्सर : वेळीच गाठला तर काढता येतो

घरातल्या वडीलधाऱ्यांचा खोकला आपल्याला नवा नसतो. ‘बिडीचा खोकला, पाऊस सरला की थांबेल,’ असे म्हणून आपण तो अंगावर काढतो. पण दोन-तीन आठवडे झाले तरी खोकला हटत नसेल, बेडक्यात रक्ताची रेघ दिसत असेल, वजन उतरत असेल, तर सुगी उरकायची वाट पाहू नका.

असा खोकला क्षयाचाही असतो. म्हणून आधी थुंकी तपासून घ्या. जंतू सापडले तर क्षयाचे औषध पुरे करा. परंतु जंतू न सापडता नुसत्या अंदाजाने गोळ्या चालू असतील आणि उतार पडत नसेल, तर छातीचा सीटी स्कॅन करण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. आपल्याकडे कॅन्सरचे कित्येक रोगी आधी क्षयाचेच औषध घेत राहतात आणि मोलाचे महिने हातचे जातात.

या महिन्यांचे मोल काय, ते ऐका. ५ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेतील सेंट लुईस शहरात डॉ. एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी एका रोग्याचे कॅन्सर झालेले संपूर्ण डावे फुप्फुस काढले. तो रोगी एका फुप्फुसावर पुढे तीस वर्षे जगला! खुद्द ग्रॅहम यांना मात्र सिगारेटची सवय होती. १९५७ मध्ये त्यांना हाच रोग निघाला. तो दोन्ही फुप्फुसांत पसरला होता. शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती. त्याच वर्षी ते वारले. रोगी मागे राहिला, डॉक्टर गेले.

आता बहुधा सबंध फुप्फुस काढावे लागत नाही. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड असतात, डाव्याचे दोन. गाठ ज्या खंडात असेल तो खंड आणि आसपासच्या लसग्रंथी काढतात. गाठ अगदी लहान व कडेला असेल, तर खंडाचा काही भाग काढूनही भागते. संत्र्याची रोगट फांदी आपण वेळीच छाटतो, तसेच हे.

आधी श्वासाची ताकद मोजतात आणि बिडी कायमची सोडायला लावतात. शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन, बरगड्यांमधून किंवा लहान छिद्रांतून दुर्बिणीने होते. नंतर काही दिवस छातीत नळी असते. श्वासाचे व्यायाम मात्र नेमाने करावे लागतात. काहींना पुढे औषधेही लागतात. ज्यांना शस्त्रक्रिया झेपत नाही, त्यांना नेमक्या जागी किरणांचा उपचार देता येतो.

‘चाकू लागला की कॅन्सर पसरतो,’ असे पारावर कोणी सांगेल. ते खरे नाही. पसरतो तो उशिरामुळे. रोग दूर पसरला, की मग शस्त्रक्रियेचा सहसा उपयोग होत नाही.

खर्चाची धास्ती असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात शिधापत्रिका घेऊन जा आणि आरोग्यमित्राला भेटा. कॅन्सरच्या शस्त्रक्रिया या योजनेत येतात. मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून याच रोगासाठी उभे आहे.

आणि बाबा ‘मला काही झालं नाही’ म्हणतील, तर भांडू नका. बाजाराच्या दिवशी त्यांना बरोबर घ्या आणि आधी दवाखान्याकडे वळा. बाजार नंतरही होईल.