पेशीच्या दप्तरात घुसलेला विषाणू

ताप आला, औषध घेतलं, बरं वाटलं, की औषध बंद. पुष्कळ जण असेच करतात. एच.आय.व्ही.च्या बाबतीत मात्र हे चालत नाही. का चालत नाही, ते पाहू या.

आपले शरीर बारीक बारीक पेशींचे बनले आहे. पेशी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पण तिच्या पोटात एक दप्तर असते. काय बनवायचे, कसे बनवायचे, हे सारे त्यात लिहिलेले असते. या लिखाणाला जनुके म्हणतात. आईबापांकडून ती आपल्याला मिळतात.

विषाणू पेशीहूनही कितीतरी लहान. त्याला स्वतःचे घर नाही, चूल नाही. दुसऱ्याच्या पेशीत शिरायचे आणि तिच्याकडून आपल्यासारखे विषाणू बनवून घ्यायचे, हा त्याचा धंदा. सर्दीचा विषाणूही तेच करतो. पण तो दप्तराला हात लावत नाही. थोड्या दिवसांत शरीर त्याला हुसकून लावते.

एच.आय.व्ही.ची चाल निराळी. त्याची जनुके अवघी नऊ. तो आधी पेशीच्या लिपीत त्यांची नक्कल करतो. मग पेशीचे दप्तर उसवून ती नक्कल मधेच जोडून टाकतो. सातबाऱ्यावर खोटे नाव चढावे, तसे हे. एकदा चढले, की प्रत्येक उताऱ्यावर तेच नाव! एका पेशीच्या दोन झाल्या, तर दोन्हींत तो मजकूर जातो.

आणि शिरतो कुठे? रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींत. पहारेकऱ्याच्याच घरात चोर! वर्षानुवर्षे माणूस धडधाकट दिसतो. आत पहारेकरी कमी होत जातात. मग क्षयासारखे रोग गाठतात.

हा विषाणू १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत सापडला. भारतात १९८६ साली तो प्रथम आढळला, तो चेन्नईत. २००४ पासून सरकारी केंद्रांत त्यावरच्या गोळ्या फुकट मिळू लागल्या.

या गोळ्या नव्या पेशींत नक्कल होऊ देत नाहीत. रक्तातला विषाणू इतका घटतो, की तपासणीत दिसेनासा होतो. अंगात ताकद येते. माणूस म्हणतो, "आता कशाला हव्यात गोळ्या?" इथेच घात होतो. कारण जुना मजकूर गोळ्यांनी पुसत नाही. काही पेशी तो पोटात घेऊन झोपून राहतात. गोळ्या थांबल्या, की त्यांतली एखादी जागी होते. काही आठवड्यांतच रक्तात पुन्हा विषाणू दिसू लागतो. आज घेतली, उद्या चुकवली, असे केले तर गोळीला न जुमानणारे विषाणू तयार होतात. ते तर आणखी वाईट.

गोळ्या रोज घेऊन विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातूनही तो जोडीदाराला लागत नाही. एका ताटात जेवल्याने किंवा एका माठातले पाणी प्याल्याने तर तो कोणालाच लागत नाही.