सामूहिक मोटारसायकल सहल : नियोजन व दक्षता

सुटीच्या दिवशी चार मित्र मिळून मोटारसायकलीवर सहलीला जाणे ही आता आपल्याकडे नेहमीची बाब झाली आहे. परभणीहून झरी, बोरीमार्गे जिंतूर, तेथून नेमगिरीची जैन लेणी आणि पुढे पूर्णा नदीवरील येलदरी धरण ही तर तरुणांची आवडती वाट. एका बाजूने सुमारे साठ किलोमीटरचा हा प्रवास ऐकायला सोपा वाटतो. परंतु एकट्याने गाडी चालविणे आणि दहा जणांनी मिळून चालविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे आम्हाला उशिरा कळले, म्हणून हा लेखप्रपंच.

काही वर्षांपूर्वी जानेवारी महिन्यात आम्ही नऊ गाड्या घेऊन येलदरीस निघालो. बुलेट होती, स्प्लेंडर होत्या, एक जुनी स्कूटीही होती. पुढे आम्ही होतो. आमचा भाचा नुकताच गिअरची गाडी शिकला होता, तो सर्वांत मागे. जिंतूरला चहा सांगितला, तेव्हा गाड्या मोजल्या. आठच भरल्या. वीस मिनिटे वाट पाहून मागे फिरलो. बोरीच्या पुढे रस्त्याच्या कडेला कापूस वेचणाऱ्या बायाबापड्यांनी त्याला सावलीत बसविले होते. खांद्याचे हाड मोडले होते. तो एकच वाक्य बोलला, "मामा, तुम्हाला गाठायला निघालो होतो." दोष त्याचा नव्हता, पुढे असणाऱ्या आमचा होता.

असे का घडते?

हिशेब साधा आहे. पुढची गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात आहे. मध्ये उसाचा ट्रॅक्टर आला. पुढच्याने तो ओलांडला, पण मागच्याला समोरून येणाऱ्या वाहनांमुळे एक मिनिट थांबावे लागले. तेवढ्यात पुढची गाडी सुमारे ८३० मीटर लांब गेली. आता मागच्याने ताशी ७० चा वेग धरला तरी तिला गाठायला अडीच मिनिटे लागतात आणि तेवढ्यात त्याची जवळजवळ तीन किलोमीटर वाट सरते. म्हणजे जो सर्वांत नवखा, त्यालाच सर्वांत जास्त वेगाने, तेही घाबरलेल्या मनाने, गाडी पळवावी लागते. गट जितका मोठा तितका हा ताण शेवटच्यावर अधिक पडतो.

निघण्यापूर्वी

आदल्या दिवशी अर्धा तास एकत्र बसावे. कोणाकडे परवाना आहे, किती दिवसांचा सराव आहे, आजवर सलग किती किलोमीटर गाडी चालविली आहे, मागे कोणी बसणार आहे काय, हे मोकळेपणाने विचारावे. "मला भीती वाटते" असे म्हणणाऱ्याची थट्टा करू नये. तो खरे बोलतो, म्हणूनच आपले नियोजन नीट होते. नवशिक्याच्या मागे कोणी बसू नये. शिकाऊ परवान्यावर असलेल्याने अशा सहलीत स्वतः गाडी न चालविता सराईत माणसाच्या मागे बसावे. टायरची हवा, ब्रेक, चेन, मागचा दिवा आणि पेट्रोल आदल्या दिवशीच पाहावे. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे दुचाकीवर चालकाखेरीज एकच माणूस बसू शकतो आणि हेल्मेट दोघांनाही आवश्यक आहे. भगिनींनी साडीचा पदर व ओढणी चाकात जाणार नाही अशी खोचून घ्यावी.

रांग कशी लावावी?

सर्वांत पुढे शांत डोक्याचा, वेगाची हौस नसलेला माणूस असावा. त्याच्या लगेच मागे नवशिके असावेत, म्हणजे वेग त्यांच्या कुवतीप्रमाणे ठरतो. मध्ये इतर, आणि सर्वांत शेवटी सर्वांत अनुभवी माणूस. त्याच्याजवळ प्रथमोपचाराची पेटी, पंक्चरचे साहित्य व चार्ज केलेला फोन असावा. त्याने कोणालाही मागे टाकून पुढे जायचे नाही. एका गटात सहा ते आठ गाड्या पुरेत. जास्त असल्यास दोन गट करून दहा मिनिटांच्या अंतराने सोडावेत.

दोन गाड्यांत निदान दोन सेकंदांचे अंतर हवे. पुढची गाडी एखाद्या झाडाजवळून गेली की "एक हजार एक, एक हजार दोन" असे म्हणावे आणि मगच आपण त्या झाडाशी पोहोचावे. ताशी ५० च्या वेगाला हे अंतर सुमारे २८ मीटर भरते. रस्ता ओला असेल तर ते दुप्पट करावे. शेतातून ट्रॅक्टरच्या चाकाला लागून आलेली काळी माती पावसात डांबरावर तेलासारखी निसरडी होते.

ओव्हरटेक ज्याचा त्याने स्वतः पाहून करावा. पुढचा गेला म्हणून मागच्याने जाऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, प्रत्येक वळणावर व फाट्यावर मागची गाडी आरशात दिसेपर्यंत थांबावे. एवढे पाळले तर कोणीही हरवत नाही आणि कोणालाही धावत सुटावे लागत नाही.

वेळ आणि विसावा

आपल्याकडचा उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. एप्रिल-मे महिन्यांत अशी सहल टाळावी. हिवाळ्यात धुके निवळल्यावर निघून अंधारापूर्वी घरी यावे. उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवे असतीलच असे नाही. दर २५-३० किलोमीटरवर थांबून पाणी प्यावे. शेवटचा गडी आल्यानंतर चहा सांगावा, आणि त्याचा चहा होईपर्यंत कोणी किक मारू नये. लवकर आलेल्यांची विश्रांती होते आणि उशिरा आलेल्याची होतच नाही, ही चूक सर्रास घडते.

अपघात झालाच तर

प्रथम मागून येणारी वाहने थांबवावीत, मग १०८ क्रमांकावर फोन करावा. जखमीचे हेल्मेट ओढून काढू नये, त्याला उगाच हलवू नये. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे, तेव्हा पोलिसांच्या भीतीने कोणी मागे हटू नये.

आमचा भाचा बरा झाला. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा येलदरीस गेलो. तो पुढाऱ्याच्या मागे दुसरा होता आणि आम्ही सर्वांत शेवटी. पोहोचायला पाऊण तास जास्त लागला, पण जिंतूरला गाड्या मोजल्या तेव्हा नऊच्या नऊ भरल्या. विद्यार्थी मित्रांनो, गटाचा वेग पुढच्याने नव्हे, मागच्याने ठरवावा, एवढे ध्यानात ठेवले तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.