सवलत कार्डाचा कारोबार : पैसा गिऱ्हाईकाकडून घ्यावा की दुकानदाराकडून?

थोड्या भांडवलात कोणता धंदा करावा, असे आपल्या समाजातील शिकलेले तरुण विचारतात तेव्हा सवलत कार्डाचे नाव हमखास निघते. कल्पना साधी आहे. गावातील तीस-चाळीस दुकानदारांशी बोलणी करायची, एक कार्ड छापायचे आणि कार्ड दाखविणाऱ्या गिऱ्हाईकाला त्या दुकानांत शेकडा पाच-दहा सूट मिळवून द्यायची. गोदाम नको, माल नको, उधारी नको. परंतु या धंद्यात जो माल विकला जातो तो म्हणजे दुसऱ्याने द्यावयाच्या सवलतीचा वायदा होय. दुकानदाराने वायदा पाळला नाही तर गिऱ्हाईक दुकानदाराला नव्हे, कार्डवाल्याला धरते.

म्हणून सूट कोठून येते हे आधी समजून घेतले पाहिजे. ती दुकानदाराच्या नफ्यातून येते. समजा, हजार रुपयांच्या विक्रीत दुकानदाराला दोनशे रुपये सुटतात. त्याने शेकडा दहा सूट दिली की हाती शंभरच उरतात. पहिल्याइतकी कमाई करायची तर त्याची विक्री दुप्पट झाली पाहिजे. किराणा दुकानात तर एवढाही नफा नसतो, तेव्हा किराणावाल्याच्या दारी जाऊच नये. याउलट चष्म्याच्या दुकानात हजार रुपयांमागे पाचशे सुटत असतील, तर शेकडा पंधरा सूट देऊनही साडेतीनशे राहतात. विक्री दीडपटीहून थोडी कमी वाढली तरी भरपाई होते. टेलर, ड्रायक्लीनर, सलून, फोटो स्टुडिओ, पॅथॉलॉजी लॅब, गॅरेजची मजुरी, मंडप-डेकोरेशन, कोचिंग क्लास हे सारे याच जातीचे धंदे आहेत. येथे माणूस आणि मशीन निम्मा दिवस रिकामे बसलेले असते आणि जास्तीचे गिऱ्हाईक आले तर खर्च फारसा वाढत नाही. कार्डाची खरी दुकाने हीच.

कापड बाजाराबद्दल मात्र स्पष्ट सांगतो, कारण माझी सारी उमर त्यातच गेली आहे. आमच्याकडे भाव ठरतो तो घासाघिशीने. आठशे सांगितलेला ड्रेस पीस साडेसहाशेला जातो. अशा दुकानात कार्ड काढले की एक तर सेल्समन आधीच भाव चढवून सांगतो, नाही तर सौदा तुटल्यावर गिऱ्हाईक कार्ड पुढे करते आणि वाद होतो. जेथे भाव छापलेला आहे किंवा दरपत्रक भिंतीवर लावलेले आहे, तेथेच सवलतीला अर्थ आहे. एकभाव रेडिमेडचे दुकान चालेल, घासाघिशीचे चालणार नाही. सराफाकडून सोन्याच्या भावात सूट मागू नये. ती घडणावळीवर मागावी.

आता पैशाचा प्रश्न. प्रचलित रीत अशी की गिऱ्हाईकाकडून वर्षाचे दोनशे-तीनशे रुपये घ्यायचे आणि दुकानदाराला फुकट सामील करायचे. यातच बिघाड आहे. ज्याने काही दिलेले नाही तो दुकानदार वायदा मोडायला कचरत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या दुकानात एक बाई मुलीसह आल्या आणि त्यांनी कार्ड पुढे केले. यादीत आमच्या दुकानाचे नाव छापलेले होते आणि शेकडा पंधरा सूट लिहिली होती. आम्हाला कोणी विचारलेलेच नव्हते! एका बाहेरगावच्या कंपनीने बाजारातील पाट्या पाहून यादी तयार केली होती. बाईंचे पैसे गेले, आणि आम्ही सूट नाकारतो असे त्या चार घरी सांगत राहिल्या.

शिवाय आपल्यासाठी यात एक दीनी बाजूही आहे. ठराविक वार्षिक फी घेऊन विकलेल्या सवलत कार्डावर अनेक उलेमांनी गररची हरकत घेतली आहे. गिऱ्हाईक पैसे आज देते, पण त्याला वर्षभरात किती सवलत मिळेल, किंवा मिळेल की नाही, हे दोघांनाही ठाऊक नसते. काहींनी अटींसह मुभा दिली आहे. तेव्हा आपल्या मुफ्तींना विचारूनच पाऊल टाकावे. माझ्या मते व्यवहाराच्या दृष्टीनेही उत्तम रीत अशी की कार्ड गिऱ्हाईकाला मोफत द्यावे आणि दुकानदाराकडून जाहिरातीची ठराविक रक्कम घ्यावी. दुकानदाराने पैसे मोजले म्हणजे तो गिऱ्हाईकाची वाट पाहतो. मालेगाव, भिवंडीसारख्या गावात आठवड्याच्या पगारावर घर चालविणाऱ्या यंत्रमाग कामगाराला तीनशे रुपये एकदम काढणे जडच जाते. मोफत कार्ड मात्र तो खिशात ठेवतो.

हिशेब मांडून पाहू. आकडे समजुतीसाठी आहेत, आपल्या गावच्या प्रिंटरकडून भाव काढून घ्यावेत. मालेगावात सुरुवात करायची तर सारे गाव घेऊ नये. किदवाई रोडपासून मोसम पुलापर्यंतचा, पायी फिरता येईल एवढाच टापू घ्यावा. एका धंद्याचे त्या टापूत एकच दुकान घ्यावे. "दुसरा चष्मेवाला घेणार नाही" हा शब्द दिला म्हणजेच पहिला पैसे देतो. तीस दुकाने, प्रत्येकी वर्षाला बाराशे, निम्मे आधी आणि निम्मे सहा महिन्यांनी. म्हणजे आरंभीच अठरा हजार हाती येतात. दोन हजार कार्डांना आठ हजार, यादीच्या पत्रकांना तीन, दुकानांचे स्टिकर व वह्यांना तीन, व्यवसाय कराचे अडीच : साडेसोळा हजार. म्हणजे करार आधी आणि छपाई नंतर, हा क्रम पाळला तर खिशातून जवळजवळ काहीच जात नाही. वर्षभर फिरण्याचे व फोनचे सहा हजार धरले तर एकूण खर्च साडेबावीस हजार, आणि छत्तीस हजारांतून उरतात साडेतेरा हजार. यावर घर चालत नाही. झेरॉक्स, मोबाईल किंवा छपाईचे दुकान असलेल्याने हा जोडधंदा म्हणून करावा. पुढे दुकाने ऐंशी झाली आणि रक्कम पंधराशे झाली, तर जमा एक लाख वीस हजार होते. तेव्हा कोठे त्याला धंदा म्हणता येईल.

दुकानदाराचा करार त्याच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी घ्यावा. सूट किती, कोणत्या मालावर नाही, मुदत किती आणि सोडायचे असल्यास तीस दिवसांची सूचना, एवढे पुरे. रमजानच्या शेवटच्या अशऱ्यात कोणी सूट देणार नाही. ते आधीच लिहून घ्यावे आणि कार्डावरही छापावे. सूट बिलावर दाखवावी, असे दुकानदाराला अवश्य समजवावे. जीएसटी कायद्यानुसार बिलात दाखविलेली सूट करपात्र रकमेतून वजा होते. तोंडी सूट दिली तर न मिळालेल्या पैशावरही कर भरावा लागेल.

कायद्याची औपचारिकता फार नाही. उद्यम नोंदणी मोफत आहे. एक-दोन माणसांच्या धंद्याला महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ अन्वये ऑनलाइन सूचना दिली की भागते. सेवेची वार्षिक उलाढाल वीस लाखांपर्यंत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. मात्र दोन ठिकाणी पाय जपून टाकावा. "कार्ड घ्या, चार सभासद जोडा, कमिशन मिळवा" अशी साखळी कदापि लावू नये. १९७८ च्या मनी सर्क्युलेशन बंदी कायद्याखाली तो गुन्हा आहे. आणि डॉक्टरकडून रुग्णामागे कमिशन घेऊ नये. रुग्ण पाठविल्याबद्दल कमिशन देणे-घेणे डॉक्टरांना २००२ च्या नियमांनी मना आहे. लॅबवाल्याकडूनही इतरांप्रमाणे वर्षाची ठराविक रक्कमच घ्यावी.

राहिली वही. प्रत्येक कार्डाला नंबर द्यावा आणि प्रत्येक दुकानात एक लहान वही ठेवावी : तारीख, कार्डाचा नंबर, बिलाची रक्कम. दर पंधरा दिवसांनी स्वतः जाऊन वही पाहावी, एजंटावर सोडू नये. सहा महिन्यांनी दुसरा हप्ता मागताना तीच वही दुकानदारापुढे ठेवावी. वहीत पन्नास नावे असतील तर तो चहा पाजून पैसे देईल. पाचच असतील तर हप्ता सोडून द्यावा, त्या दुकानाचे नाव यादीतून काढावे आणि कार्डधारकांना त्याच आठवड्यात व्हॉट्सॲपवर कळवावे.