मंगळवेढ्याची काळी जमीन व दुष्काळांची परंपरा

सोलापूर जिल्ह्यांतील मंगळवेढें हें गांव भाविकांस दामाजीपंतांमुळें व शेतकऱ्यांस ज्वारीमुळें ठाऊक आहे. दोन्ही गोष्टींच्या मुळाशीं दुष्काळ आहे. पंधराव्या शतकांत बहामनी राज्यांत भयंकर अवर्षण पडलें असतां दामाजीपंतांनीं येथील सरकारी कोठार भुकेल्या रयतेस मोकळें केलें, आणि बेदरच्या बादशहाचा कोप झाला तेव्हां प्रत्यक्ष विठोबानें जाऊन धान्याचें मोल भरलें, अशी परंपरागत कथा आहे. चमत्काराचा भाग ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा; परंतु शेतकीच्या दृष्टीनें ह्या कथेंत एक व्यावहारिक गोष्ट दडलेली आम्हांस दिसते. मुलूख उपाशी असतां वांटण्याजोगें धान्य ह्या गांवीं शिल्लक होतें. तें कां होतें, ह्याचा उलगडा झाल्यावांचून येथील दुष्काळांचा इतिहास नीट समजावयाचा नाहीं.

पश्चिमेकडून येणारे ढग आपला बहुतेक भार सह्याद्रीवरच रिते करितात. महाबळेश्वरीं वर्षास 200 इंचांहून अधिक पाऊस पडतो, तर सोलापुरास सरासरी 28 इंचांच्या आसपास. शिवाय हा पाऊस आषाढ-श्रावणांत भुरभुर येऊन जातो व त्याचा खरा जोर सप्टेंबरांत, म्हणजे उत्तरा व हस्त ह्या नक्षत्रांत असतो. म्हणून खोल काळ्या रानांत खरीप न करितां जमीन पावसाळाभर कुळवून उघडी ठेवावयाची, पडेल तें पाणी तिला पाजावयाचें आणि हस्ताच्या सुमारास ज्वारी पेरावयाची, अशी येथील वहिवाट आहे. पुढें थेंब न पडला तरी पीक जमिनींतील ओलीवर निघतें. अर्थात् जून कोरडा गेला म्हणून येथील कुणबी फारसा डगमगत नाहीं. सप्टेंबर कोरडा गेला कीं मात्र त्याचें वर्ष बुडतें. एक वर्ष बुडालें तर पेवांतील धान्य व गंजींतील कडबा तारून नेई. (पेव उघडल्याबरोबर आंत उतरूं नये, आंतील कोंडलेल्या हवेनें माणूस दगावतो, हें जाणते लोक मुलांस आवर्जून सांगत.) लागोपाठ दुसरें वर्ष गेलें म्हणजे मात्र घात होई.

असा घात 1876 सालीं सुरू झाला. तत्पूर्वीं 1860 सालींच सोलापुरास आगगाडी आली होती, त्यामुळें बाहेरचें धान्य येऊं शकलें; परंतु तें घेण्यास मजुराच्या गांठीं पैसा कोठें होता? सरकारनें दुष्काळी कामें काढलीं, व सर रिचर्ड टेंपल ह्यांच्या सल्ल्यानें पुरुषाची दिवसाची मजुरी एक रत्तल धान्य व एक आणा येवढी कमी केली. एक रत्तल म्हणजे आजच्या मापानें अर्ध्या किलोहूनही कमी. तेवढ्यावर दिवसभर खडी फोडावयाची! पुण्याच्या सार्वजनिक सभेनें ह्याविरुद्ध कसून लिहिलें व लोकांनीं कामें सोडून निषेध केला. 1872 व 1881 च्या खानेसुमाऱ्या ताडून पाहतां सोलापूर जिल्ह्याची वस्ती ह्या अवधींत पांचव्या हिश्श्याच्या आसपास घटलेली दिसते. कांहीं मेले, कांहीं देशोधडीस लागले. गुरांची हानि तर त्याहून दूरगामी ठरली. आगगाडीनें माणसांसाठीं धान्य येतें, पण गांवोगांवच्या दावणीस पुरेल इतकी वैरण येत नाहीं. पुढें पाऊस पडला तेव्हां कित्येकांपाशीं जमीन होती, बीं होतें, पण औतास बैल नव्हता.

1896-97 व 1899-1900 च्या दुष्काळांत हेंच पुन्हां घडलें. ह्या अनुभवांचें एक सुफळ मात्र मिळालें. 1933 सालीं सोलापुरास कोरडवाहू शेतीचें संशोधन सुरू झालें. बांधबंदिस्ती, तीन वर्षांतून एकदां नांगरट, शेणखत, कुळवाच्या पाळ्या, 18 इंचांवर विरळ पेरणी व वारंवार कोळपणी असा क्रम त्यांतून ठरला. कोळपणीचें मर्म असें कीं, काळी जमीन वाळतांना भेगाळते, भेगांतून ओल उडते व मुळ्या तुटतात. वरचा थर भुसभुशीत राहिला म्हणजे भेगा बुजतात. उत्पन्नांतील वाढ माफकच होती, आणि ज्याच्या पदरीं बैल नाहीं त्यानें पाळ्या कशा द्याव्या ह्याचें उत्तर त्या क्रमांत नव्हतें, हेंही सांगितलें पाहिजे. मोहोळ येथें निवडलेली मालदांडी 35-1 ही ज्वारी मात्र शेतकऱ्यांनीं न सांगतां उचलली. कारण ती दाणाही देते आणि कडबाही.

1972 च्या दुष्काळांत माणसें भुकेनें मरूं दिलीं नाहींत, हा मोठाच फरक होय. 1973 च्या उन्हाळ्यांत राज्यभर सुमारे 50 लक्ष लोक दुष्काळी कामांवर होते, व त्यांतूनच वि. स. पागे ह्यांच्या रोजगार हमीच्या योजनेस बळ मिळून 1977 सालीं तिचा कायदा झाला. गुरांचा प्रश्न मात्र सुटला नाहीं. 2018-19 सालीं मंगळवेढें व सांगोलें ह्या तालुक्यांत चारा-छावण्या उभारून गुरें जगवावीं लागलीं. आणि ज्या भीमेकांठीं पाण्यासाठीं डोळे लागतात, तेथेंच ऑक्टोबर 2020 मध्यें अतिवृष्टीनें रानें बुडालीं. पेरणीचाच तो हंगाम!

उजनी धरण झाल्यावर कालव्याखालच्या रानांत ऊंस आला, आणि ज्याच्या हातीं पाणी आलें त्यानें तो लावला, ह्यांत आम्ही त्यास दोष देत नाहीं. मंगळवेढ्याच्या ज्वारीस 2016 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, परंतु ज्वारी उपटून काढण्यास मजूर मिळेना, म्हणून कोरडवाहू रानांतूनही ती मागें हटत आहे. ज्या घरीं गंज नाहीं त्या घरची जनावरें पुढील अवर्षणांत छावणीच्याच दारीं जाणार. सबब प्रत्येकानें पेरणीपूर्वीं स्वतःच्या दावणीचा हिशेब मांडावा. एका मोठ्या जनावरास रोज सहा किलो कडबा धरिला, तर दोन जनावरांस आठ महिन्यांस 2,880 किलो लागतो. कोरडवाहू मालदांडीचा कडबा एकरीं एक टनाच्या आसपास धरिल्यास तीन एकर ज्वारी झाली. एक साल बुडण्याची तजवीज ठेवावयाची असेल, तर एवढाच कडबा आणखी एका वर्षाचा, बांधावर नव्हे तर उंचवट्यावर, गंज रचून पावसापासून झांकून ठेवावा लागेल.