सागरसन्मुख पर्वतांतील उतारस्खलन : हिमप्रदेश आणि सह्याद्री

प्रस्तावना :
पर्वताच्या उतारावर साचलेला थर गुरुत्वाकर्षणाने एकाएकी खाली येणे म्हणजे स्खलन होय. थर बर्फाचा असल्यास त्यास हिमस्खलन म्हणतात. माती-दगडांचा असल्यास दरड कोसळली असे म्हटले जाते. महाराष्ट्रात हिमवृष्टी होत नसल्याने पहिला प्रकार आपल्याकडे बहुधा केवळ हिमालयाच्या संदर्भात शिकविला जातो. तथापि समुद्राजवळच्या पर्वतांतील हिमाचे वर्तन लक्षात घेतल्यास सह्याद्रीतील दरडींचे स्वरूप अधिक स्पष्ट होते.

हिमाचे दोन स्वभाव :
लडाखसारख्या समुद्रापासून दूरच्या, कोरड्या व अतिथंड प्रदेशात हिमाचा थर पातळ असतो. त्याच्या तळाशी साखरेसारखे सुटे स्फटिक तयार होतात आणि हा दुबळा थर कित्येक आठवडे टिकू शकतो. परिणामी आकाश निरभ्र असतानाही धोका संपलेला नसतो. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या कॅस्केड पर्वतात स्थिती निराळी आहे. तेथे सागरी वाऱ्यांमुळे प्रचंड हिमवृष्टी होते, तापमान शून्य अंशाच्या आसपास राहते आणि साचलेल्या हिमावर पाऊसही पडतो. भार झपाट्याने वाढतो, मुरलेल्या पाण्याने कणांमधील बंध सैल होतात आणि ३० ते ४५ अंशांच्या उतारावरील थर सुटतो. वादळ सरल्यावर उरलेला थर बहुधा लवकर स्थिरावतो. १ मार्च १९१० रोजी वॉशिंग्टन राज्यातील वेलिंग्टन येथे कित्येक दिवसांच्या हिमवृष्टीनंतर पाऊस झाला व कोसळलेल्या हिमाने दोन आगगाड्या दरीत लोटल्या. त्यात ९६ जण मृत्युमुखी पडले. सागरी पर्वतांतील धोका हा असा मुख्यतः वादळाच्या काही तासांचा असतो.

सह्याद्रीतील साम्य :
हिमाच्या जागी मुरूम व माती आणि गोठलेल्या थराच्या जागी कठीण बेसाल्ट कल्पिल्यास हेच चित्र घाटमाथ्यावर दिसते. झिजलेल्या खडकाच्या आच्छादनात पाणी मुरते, खालच्या अभेद्य थरावर अडते, कणांमधील पाण्याचा दाब वाढतो आणि मातीची पकड सुटते. २२-२३ जुलै २०२१ च्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. नांदुऱ्यासारख्या पूर्णा खोऱ्यातील तालुक्याला संपूर्ण पावसाळ्यात मिळणाऱ्या पावसाचा हा फार मोठा हिस्सा होय. त्याच २२ जुलैला महाड तालुक्यातील तळीये येथे दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसे गेली. तत्पूर्वी ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाडले जाऊन १५१ जण दगावले. सकाळच्या एस.टी.च्या चालकास गावच दिसेना, तेव्हा ही वार्ता बाहेर कळली. तेथील उतारांवर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाची चर्चा पुढे बरीच झाली. पावसाच्या ताशी भाराची मात्र तितकी झाली नाही.

यादी आणि इशारा :
मनाली येथे १९६९ मध्ये हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था स्थापन झाली. २०२० मध्ये ती संरक्षण भू-माहिती संशोधन संस्थेत विलीन झाली. हिमस्खलनाचा इशारा देताना उताराची आजची अवस्था पाहिली जाते. दरडींच्या बाबतीत मात्र आपला भर दीर्घकाळ धोकादायक गावांच्या यादीवर राहिला. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी गाडली गेली, २७ मृतदेह हाती लागले व ५७ जण बेपत्ता राहिले. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे विधिमंडळातच सांगण्यात आले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे राष्ट्रीय भूस्खलन अंदाज केंद्र जुलै २०२४ मध्ये कोलकाता येथे सुरू झाले. तेथील आरंभीचे अंदाज दार्जिलिंग, कालिम्पाँग व निलगिरी या जिल्ह्यांसाठी होते.

हिमाशी असलेले साम्य येथे एका ठिकाणी तुटते. हिमाचा थर उन्हाळ्यात वितळतो व पुढील हिवाळ्यात नव्याने साचतो. मातीला पडलेली भेग मात्र राहते, दर पावसाळ्यात रुंदावते. म्हणून सह्याद्रीत भेगा, कललेली झाडे, झऱ्याचे अचानक गढूळ झालेले पाणी यांची नोंद आणि ताशी पर्जन्यमान ही दोन्ही लागतात. ही माहिती पायवाटेच्या वाडीपर्यंत रात्र होण्यापूर्वी पोहोचावी लागते. इर्शाळवाडीला गाडीरस्ता नव्हता. बचाव पथकेही डोंगर चढूनच वर गेली.