चेन किती सैल असावी?

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, की तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला मोटारसायकलच्या चेनशी काय देणंघेणं? पण ‘योग्य प्रमाण म्हणजे किती’ हा प्रश्न ॲरिस्टॉटलच्याही आधीपासून चालत आला आहे, आणि चेनच्या बाबतीत त्याचं उत्तर चक्क मिलिमीटरमध्ये देता येतं.

सैल चेन आवाज करते, गाडीला झटके देते, आणि फारच सैल झाली तर उतरते. चालत्या गाडीची उतरलेली चेन अडकली तर मागचं चाक जाम होऊ शकतं. म्हणून ती ताणून घ्यायची, हे बरोबरच. पण आपण काय म्हणतो? ‘एकदम टाइट करून टाक.’ घोटाळा तिथे आहे.

बघा, मागचं चाक स्विंगआर्मला बसवलेलं असतं; गॅरेजात त्याला चिमटा म्हणतात. खड्डा आला की हा चिमटा एका आडव्या बोल्टभोवती वर-खाली होतो. इंजिनाकडचं लहान स्प्रॉकेट त्या बोल्टच्या थोडं पुढे असतं. दोघांचं केंद्र एक नाही, त्यामुळे चाक हललं की दोन स्प्रॉकेटांमधलं अंतरही बदलतं. लहान स्प्रॉकेट, तो बोल्ट आणि मागचा एक्सल एका रेषेत आले, की ते अंतर सर्वांत जास्त. स्टँडवर उभ्या गाडीची चेन ताठ केली आणि मग दोन माणसं बसली, तर वाढलेल्या अंतरासाठी चेन आणणार कुठून? सगळी ओढ गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि बेअरिंगवर येते. तेव्हा ही ढील म्हणजे चालत्या गाडीला लागणारी राखीव लांबी आहे.

दुसरा गैरसमज असा, की चेन रबरासारखी ताणली जाते. खरं तर तिच्या प्रत्येक सांध्यातली पिन आणि बुश झिजतात. समजा 120 कड्या आहेत आणि प्रत्येक सांधा फक्त 0.1 मिलिमीटर झिजला. चेन 12 मिलिमीटरनी लांबली! एकेक झीज डोळ्यांना दिसतही नाही.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन बंद, किल्ली काढलेली, गाडी न्यूट्रलमध्ये, सपाट जागी मेन स्टँडवर. चाक हातानेच फिरवायचं. इंजिन चालू ठेवून चेन साफ करताना लोकांची बोटं गेलेली आहेत, म्हणून हे पुन्हा सांगतो: इंजिन बंद.

चेनच्या खालच्या पट्ट्याच्या मध्यावर बोटाने वर-खाली दाबून पट्टीने अंतर मोजा. पूर्ण चेनकव्हर असेल तर बहुधा खालच्या बाजूला रबरी बूच असतं, ते काढून बघता येतं. चाक थोडं थोडं फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे ती सर्वांत ताठ लागेल, तिथलं माप धरायचं. आपल्याकडच्या बऱ्याच 100 ते 150 सीसी गाड्यांना साधारण 20 ते 30 मिलिमीटर ढील लागते. पण तुमच्या गाडीचा आकडा, आणि तो कोणत्या स्टँडवर मोजायचा, हे गाडीच्या पुस्तिकेत बघा. शेजाऱ्याचा आकडा आपल्याला चालत नाही.

स्प्लिट पिन असेल तर ती काढा आणि एक्सलचा नट ढिला करा. पूर्ण काढू नका. मागे ड्रम ब्रेक असेल तर ब्रेकच्या टॉर्क रॉडचा नटही सैल करावा लागतो. मग दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर आळीपाळीने, सारखेच फिरवा, एका वेळी पाव फेरा. दोन्हीकडच्या खुणा जुळल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरकं बसेल आणि चेन व स्प्रॉकेट एका बाजूने झिजतील.

माप जमलं की एक्सल पक्का आवळा आणि ढील पुन्हा मोजा, कारण आवळताना ती बदलते. टॉर्क रॉड आवळा, नवी स्प्लिट पिन घाला. चाक मागे सरकल्यामुळे ड्रम ब्रेकचा रॉड ताणला जातो. ब्रेक पेडलचं प्ले तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

एक चिठ्ठी आली आहे: ‘सर, दर पंधरा दिवसांनी ताणावी लागते, काय करू?’ मोठ्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून ओढा. ती दातांवरून ठळकपणे उचलली गेली, किंवा दात आकड्यासारखे वाकलेले दिसले, तर तिचं आयुष्य संपलं. ॲडजस्टर शेवटच्या खुणेपर्यंत गेले असतील तरी तेच. मग चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदला. जुन्या दातांवर नवी चेन लवकर खराब होते.

दुसरी चिठ्ठी: ‘तेल कोणतं?’ पुस्तिकेत सांगितलेलं गिअर ऑइल किंवा चेनचा स्प्रे, आणि तो आतल्या बाजूने, कड्यांच्या सांध्यांवर. पावसाळ्यात हे जास्त वेळा करावं लागतं. ओ-रिंगची चेन असेल तर पेट्रोलने धुऊ नका, रबर खराब होतं.

एक्सलचा नट नीट आवळला गेला की नाही याबद्दल मनात शंका असेल, तर गाडी हळू चालवत जवळच्या मेकॅनिककडे न्यायचीही घाई करू नका. त्यालाच घरी बोलवा.