फिशटँकची घरघर आणि आजींची झोप

‘झोपेची गोळी लिहून द्या’ असं म्हणणाऱ्या रुग्णाला मी आधी विचारतो, झोपता त्या खोलीत रात्री काय काय चालू असतं? पंखा, फ्रीज, इन्व्हर्टर अशी यादी येते. अलीकडे तिच्यात फिशटँकची भर पडली आहे. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये टँक ठेवायला जागा मिळते ती हॉलमध्ये, आणि घरातली वडीलधारी माणसं झोपतात तीही बहुधा हॉलमध्येच. मिरजेकडच्या एका आजींची तक्रार हीच होती. सत्तरी ओलांडलेली, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. नातू फिल्टर बंद करू देईना, म्हणून सगळे झोपले की त्या गुपचूप बटण दाबायच्या. पंधरा दिवसांत चार मासे गेले आणि घरात भांडण लागलं.

आजींची तक्रार खोटी नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९च्या मार्गदर्शक सूचनांनुसार झोपण्याच्या खोलीत सततचा आवाज ३० डेसिबलच्या आत असावा. झोपेत डोळे मिटतात, कान मिटत नाहीत. आवाजानं झोप क्षणभर उथळ होते, नाडी आणि रक्तदाब किंचित वर जातात, आणि सकाळी त्यातलं काहीही आठवत नाही. फक्त अंग जड वाटतं. पंख्यासारख्या एकसुरी आवाजाची सवय होते. मध्येच गुडगुडणाऱ्या, खडखडणाऱ्या आवाजाची होत नाही.

पण नातवाचंही बरोबर होतं. फिल्टर म्हणजे नुसती कचरा गाळायची चाळणी नव्हे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, तो माशांना विषारी असतो. फिल्टरच्या स्पंजवर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. या जिवाणूंना वाहतं, ऑक्सिजनयुक्त पाणी लागतं. तास-दोन तास वीज गेली तर सहसा काही बिघडत नाही. रोज सात-आठ तास प्रवाह थांबला, विशेषतः बंद डब्याच्या फिल्टरमध्ये, तर जिवाणू मरू लागतात आणि सकाळी बटण दाबताच तेच नासलेलं पाणी टँकमध्ये येतं. शिवाय रात्री पाणवनस्पती ऑक्सिजन तयार करत नाहीत, उलट वापरतात. उन्हाळ्यात आणखी पंचाईत: २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. सांडपाणी मिसळल्यावर कृष्णेत मासे तरंगल्याच्या बातम्या सांगलीकरांना नव्या नाहीत. तिथंही बऱ्याचदा पाण्यातला ऑक्सिजन संपलेला असतो. (फायटर आणि गुरामी पृष्ठभागावर येऊन हवा घेऊ शकतात, म्हणून ते जास्त तग धरतात. अमोनियातून मात्र तेही सुटत नाहीत.)

तेव्हा फिल्टर नव्हे, आवाज बंद करायचा. धबधब्यासारखा आवाज येत असेल तर पाण्याची पातळी खाली गेली आहे, पाणी वाढवा. खडखड असेल तर मोटरमधल्या छोट्या पंख्याला शेवाळ किंवा वाळूचा कण अडकलेला असतो. आधी प्लग काढा, मगच पाण्यात हात घाला. स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीननं ते जिवाणू मरतात. टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा. हवेचा पंप लाकडी टेबलावर असेल तर टेबलच ढोलासारखं वाजतं. खाली जाड फोम घाला. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असेल तर नळीत उलटप्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर वीज गेली की पाणी पंपात शिरतं.

आजींच्या घरी मोटर साफ झाली, पंपाखाली फोम आला आणि खाट दुसऱ्या भिंतीला गेली. गोळी लिहावी लागली नाही. आवाज थांबूनही तीन-चार आठवडे झोप येत नसेल, घोरताना श्वास अडकत असेल किंवा दिवसा बसल्या जागी डुलकी लागत असेल, तर कारण वेगळं आहे, तपासून घ्या.

टँक साफ करणाऱ्यांसाठी आणखी एक. हातावर जखम असेल तर रबरी हातमोजे घाला. टँकच्या पाण्यात क्षयाच्या जंतूंचा एक चुलतभाऊ आढळतो, ‘मायकोबॅक्टेरियम मरिनम’. त्याची गाठ बोटावर महिनोन्‌महिने राहते, साध्या मलमानं जात नाही. डॉक्टरांना दाखवताना घरात फिशटँक आहे हे आवर्जून सांगा, ते आपण होऊन विचारतीलच असं नाही.